सीताफळी भिंत आणि लातूरचे पाहुणे

मराठवाड्यात घराला रंग द्यायचं कारण घर कधीच नसतं. कारण लग्न असतं. पोपडे सुटोत, ओल येवो, भिंतीचा मूळ रंग कोणता यावर घरातच दोन पक्ष पडोत, कुणी ब्रश उचलत नाही. पण सोयरिकीची कुणकुण लागली की सगळ्यांना एकदम भिंती दिसायला लागतात. आमच्या पोरासाठी लातूरहून स्थळ आलं, मुलीकडचे घर बघायला येणार असा निरोप आला, आणि ही अंगणात जाऊन कमरेवर हात ठेवून दर्शनी भिंतीकडं बघत उभी राहिली. आत येऊन म्हणाली, “असलं घर बघून कोण पोरगी देईल?”

“तुझ्या वडिलांनी दिलीच की.”

“त्यांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं.”

आमचं हे घर आप्पांनी नांदेडात 1982 साली बांधलं. त्याच साली उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला. त्यामुळं माझे लातूरचे दाजी या घराला ‘आमच्या जिल्ह्याच्या वयाचं’ म्हणतात आणि जिल्ह्यानं केली ती प्रगती घरानं कामून केली नाही, असं दर दिवाळीला विचारतात. त्या काळी ज्याच्या गाठीला चार पैसे जास्त असत, तो समोरच्या भिंतीला खडी मारून घेई. म्हणजे भिंतीवर ओला माल चढवायचा आणि तो आळायच्या आत, नदीच्या वाळूतून चाळून काढलेले बारीक गोटे मुठीमुठीनं त्यावर फेकायचे. वरून रंध्यानं हलकं दाबलं की झालं. बाकीच्या तीन भिंतींना साधा गिलावा. त्या शेजाऱ्यांच्या बाजूला होत्या, आणि शेजाऱ्यांवर कुणी खर्च करत नाही.

ही टूम विलायतेतली. तिकडं व्हॉयसी नावाच्या वास्तुकारानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खरबरीत गिलाव्याची पांढरी घरं बांधून नाव कमावलं आणि पुढं दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथं गल्ल्याच्या गल्ल्या खडी मारून उभ्या राहिल्या. त्यात दोन फायदे सांगतात. पाऊस भिंतीत शिरत नाही, आणि आतली बेताची वीट बाहेरून कळत नाही. आमच्याकडं पहिला फायदा लागू नाही, कारण भिंतीत शिरण्याआधी पाऊस गावात तरी शिरला पाहिजे. दुसऱ्याबद्दल आप्पांना विचारलं की ते रेडिओचा आवाज वाढवतात.

या भिंतीनं आमच्या खानदानाला एक कायमची खूण दिली. ज्याचं कोपर तिच्यावर सोललेलं नाही असा नातेवाईक आम्हाला नाही. लहानपणी आम्ही तिच्याजवळून पळालो, तरुणपणी तिला सायकली टेकवल्या, आणि मावश्या-काकवांचे पदर तर तिनं इतके धरून ठेवले की शेवटी बायका अंगणातून तिरक्या चालायला लागल्या. तिचं खरं मोल एकाच जिवानं ओळखलं, ते म्हणजे गल्लीतल्या म्हशीनं. रोज दिवेलागणीला ती आमच्या कोपऱ्याशी थांबते, आधी डावी कूस घासते, मग वळून उजवी. मालक हाका मारून दमतो. तिच्या उंचीचा एक पट्टा भिंतीवर काळा, गुळगुळीत आणि तकतकीत झालाय. सबंध घरात फिनिशिंग म्हणावं असं तेवढंच.

मुळात या खड्यांना रंग द्यायचं काही कारण नव्हतं. करडे, तपकिरी, मधूनच एखादा दुधाळ, असे ते आपापल्या रंगात सुखी होते. पण आत्याच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, “लग्नघर वाटत नाही,” आणि आकाशी स्नोसेम आलं. कोरडी भुकटी पाण्यात कालवायची, घट्ट व्हायच्या आत संपवायची आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाणी मारायचं, असा तो कारभार. अक्काच्या लग्नात गुलाबी झाला. काकाच्या लग्नात पिस्ता. माझ्या लग्नाला वेगळा रंग आणलाच नाही, अक्काचा उरलेला गुलाबी आणि काकाचा उरलेला पिस्ता एका बादलीत ओतला. त्यातून जे निघालं त्याला अजून नाव मिळालेलं नाही. 2008 साली गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली. देशोदेशीचे भाविक येणार म्हणून सगळं नांदेड रंगलं, तेव्हा आप्पांनीही भिंतीला मलईचा रंग दिला. गुरुद्वाऱ्याला जायचा रस्ता आमच्या गल्लीतून नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. लग्नावाचून लागलेला हा एकमेव थर.

आता भिंतीचा पोपडा जिथं उडालाय तिथं मलईखाली मी, माझ्याखाली काका, त्याखाली अक्का आणि तळाला आत्या, असं सगळं घराणं एका नखाएवढ्या जागेत दिसतं.

पेंटर आला. भिंतीवर तळवा फिरवला, तळव्याकडं बघितलं आणि म्हणाला, “क्या साब, ये दीवार है क्या सीताफल है?”

मी म्हणालो, “रंग किती लागेल ते सांगा.”

“सादी दीवार के डबल.”

“डबल? भिंत तर तेवढीच हाय.”

“ये दीवार रंग लगाती नई साब, पीती.”

मी घासाघीस सुरू केली होती, तेवढ्यात दाजींचा धाकटा, म्हणजे आमचा भाचा, मधे पडला. तो लातूर पॅटर्नमधे शिकलेला. सुटीला मामाकडं येतो तोही गाईड घेऊन. म्हणाला, “मामा, एकेक खडा अर्धगोल धरा. त्यानं भिंतीवर अडवलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ पाय आर वर्ग. अर्धगोलाच्या पाठीचं दोन पाय आर वर्ग. म्हणजे बरोब्बर डबल.”

पेंटरनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच्यासाठी स्वतःच्या पैशानं चहा सांगितला. मी म्हणालो, “अरे, खड्यांच्या मधल्या फटी सपाट आहेत, त्या वजा कर की.” भाच्यानं क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाला, “पर्याय द्या मामा. चारातला एक निवडतो.”

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं दाजी आले. हे स्थळ त्यांनीच आणलेलं, त्यामुळं भिंतीची इज्जत ती त्यांची इज्जत. शिवाय ते बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत, आणि निवृत्त अभियंत्याला दुसऱ्याच्या घराचं काम निघाल्याचा वास लोहा-अहमदपूर ओलांडून येतो. पायातल्या चपला न काढता ते भिंतीपुढं उभे राहिले.

“याला रफकास्ट म्हणायलाव का तुम्ही?”

“आम्ही काहीच म्हणत नाही, दाजी.”

“म्हणूच नका. रफकास्टमधी खडी मालातच कालवून मारतेत. हे पेबल डॅश. आयएस 2402, साल 1963.”

पेंटरला वाटलं हा शेडचा नंबर. त्यानं लगेच दुकानात फोन लावून 2402 आहे का विचारलं. दुकानदार म्हणाला, आहे, पण बदामी.

मग दाजींनी खिशातून रुपयाचं जुनं नाणं काढून भिंत वाजवायला घेतली. जिथं ‘ठक’ वाजलं तिथं गिलावा विटेला धरून आहे, जिथं ‘ठब’ वाजलं तिथं सुटलाय, आत पोकळी आहे. या बाबतीत त्यांची चेष्टा करायची माझी छाती नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती माळवदासकट झोपेतल्या माणसांवर आल्या, आणि तेव्हापासून दाजी परक्या घरात बसले तरी आधी पाठीमागची भिंत बघतात. पण आमच्या खड्यांमागं ते जरा जास्तच लागले. प्रत्येक ‘ठब’भोवती खडूनं गोल काढून आत आकडा टाकायचा, असा त्यांचा शिरस्ता. दुपारपर्यंत सगळी भिंत गोलांनी भरली.

गल्लीत बातमी पसरली की माप झालं. 2008च्या आधी शहरातले रस्ते रुंद झाले तेव्हा कुणाचा ओटा गेला, कुणाची पडवी गेली, हे अजून कुणी विसरलेलं नाही. भिंतीवर आकडे आणि समोर पँटीत शर्ट खोचलेला, हातात वही घेतलेला अनोळखी माणूस, एवढा पुरावा लोकांना बास होता. समोरच्यानं संध्याकाळच्या आत आपल्या ओट्यावरची पत्र्याची शेड स्वतःच उतरवली. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं टपरी रात्रीतून चार फूट मागं घेतली. एकानं तर दाजींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “साहेब, आमच्याकडं बघून काही कमी-जास्त होईल का?” दाजींना निवृत्तीनंतर इतका मान कुणी दिला नव्हता. त्यांनी खुलासा केला नाही. म्हणाले, “बघू.”

पेंटरचं म्हणणं होतं की रंगाआधी भिंत धुतलीच पाहिजे. खड्यांच्या बेचक्यात चाळीस वर्षांची धूळ, कोळ्यांची जाळी, चिमण्यांच्या काड्या, आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता होत्या. त्याचा पुतण्या गाड्या धुवायच्या सेंटरमधून जोराचं पाणी मारायचं मशीन घेऊन आला. नळी बोअरला जोडणार, तेवढ्यात दाजी आडवे झाले.

“पाण्यानं भिंत धुवायलाव? पिण्याच्या पाण्यानं?”

“बोअरचं हाय दाजी.”

“एप्रिल 2016. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं आम्ही. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर हार घेऊन उभा होतो मी. पाण्याला हार! आणि तुम्ही इथं गोदावरीच्या काठाला बसून भिंती आंघोळीला घालायलाव!”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही त्यांनी लगेच पुसलं, वाया जाऊ दिलं नाही.

शेवटी तडजोड झाली: वरचा अर्धा भाग पाण्यानं, खालचा तारेच्या ब्रशनं. पुतण्यानं मशीन सुरू केलं आणि पहिल्याच फवाऱ्याला आत्याचं, काकाचं आणि माझं लग्न एकदम उडालं. त्यापाठोपाठ खडे. पोकळ जागेतले खडे बंदुकीचं काम करतात हे आयएस 2402मधे लिहिलेलं नसावं. एक खडा समोरच्याच्या शेडला लागला असता, पण शेड कालच उतरवल्यामुळं सरळ आत जाऊन त्यांच्या देवघरातली घंटा वाजवून आला. काही शेजारच्या गच्चीवर गेले. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, “भाऊजी, ह्या आता खड्यासकट तळू का निवडून?”

मशीन परत गेलं. वरच्या भागाला जागोजाग टक्कल पडलं होतं आणि आता तिथं भरायला तसलेच खडे हवे होते. आप्पा बाजेवरून म्हणाले, “गोदावरीचे पाहिजेत. गोल. एकेक निवडून मारलाय मी.” पडलेला प्रत्येक खडा ते गोळा करून बिस्किटांच्या डब्यात ठेवत होते, आणि डबा उशाशी.

मी खडीच्या शोधात निघालो. क्रशरवर गेलो, तिथं काळ्या दगडाची खडी. सहा एमएम आहे, दहा एमएम आहे, कच आहे, भुकटी आहे. पण सगळ्याला कोपरे. नमुना आणून आप्पांना दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत फिरवला आणि म्हणाले, “टोचतो.” म्हणून एका वाळूवाल्याकडं गेलो. नदीचा गोटा म्हटल्याबरोबर त्यानं इकडंतिकडं बघितलं, शटर अर्धं ओढलं आणि आवाज उतरवला.

“किती ब्रास?”

“एक घमेलं.”

त्यानं शटर पुन्हा वर केलं. “ब्रासच्या खाली आपण बोलत न्हाई.”

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तेवढ्यात आमची गल्लीच बुजली असती. वाळूच्या घाटांचे लिलाव, पकडलेले टिप्पर, तहसीलदारांच्या धाडी, हे सगळं मी पेपरात वाचत आलोय, पण एका घमेल्यासाठी आपल्याकडं इतक्या तुच्छतेनं बघितलं जाईल असं कधी वाटलं नव्हतं. अखेर गोटे मिळाले ते नर्सरीत. कुंडीत शोभेला घालायचे, पॉलिश केलेले, प्लास्टिकच्या पिशवीत, किलोच्या भावानं. भाव ऐकून मी पिशवी तशीच खाली ठेवली. नर्सरीवाली म्हणाली, “धुवून पुन्हा वापरता येतात.”

दरम्यान एका रंगाच्या दुकानदारानं मला अल्बम दाखवायला बसवलं. म्हणाला, “जुन्याच्या कशाला मागं लागलाव? समदी खडी छिन्नीनं उतरवा. नवा गिलावा, पुट्टी, प्रायमर. भिंत काचेवाणी गुळगुळीत करा. आणि मग वरून हे मारा.” त्यानं एक फळी पुढं केली. “टेक्श्चर. हात लावून बघा.”

मी हात लावला. बोट सोललं.

“अहो, हे तर आमच्या घरावर हायच!”

“तुमचं जुनं हाय. हे लेटेस्ट हाय.” मग त्यानं स्क्वेअर फुटाचा भाव सांगितला. त्या भावात आप्पांनी 1982 साली भिंत बांधून तिच्यासमोर उभं राहून फोटोही काढला असता.

खडी उतरवायचा प्रयोग मात्र आम्ही कोपऱ्यात करून बघितला. एक खडा निघाला, त्याच्याबरोबर परातभर गिलावा निघाला, आणि गिलाव्याबरोबर विटेचा तुकडा. आतली वीट सर्वांना दिसली. आप्पांनी रेडिओ लावला.

मग ठरलं की टक्कल तेवढं भरायचं. पण खडी मारणारा हात कुठून आणायचा? हल्लीच्या गवंड्यांना टाइल्स येतात, ग्रॅनाईट येतं, खडी म्हटलं की ते रस्त्याकडं बघतात. शोधत शोधत लोह्याकडचे एक म्हातारे मिस्त्री सापडले. त्यांनी येताच सांगितलं, “आता हात उठत न्हाई. म्या फक्त सांगणार, मारायचं पोरानं.” पोरगा म्हणजे त्यांचा नातू. ओला माल चढला, घमेल्यात आप्पांच्या डब्यातले खडे मोजून आले, म्हातारे खुर्चीवर बसले.

“मनगटातून मार. खांद्यातून नगं.”

नातवानं खांद्यातून मारले. दाजी म्हणाले, “आई गं.” पुढच्या मुठीला दाजी खाली बसले आणि खडे भिंतीला लागले. लागले तेवढे पडले. “माल आळला,” म्हातारे म्हणाले. “माल पातळ हाय,” दाजी खालूनच म्हणाले. “खडे धुवून घेतले न्हाईत,” आप्पा म्हणाले. मग तिघांचं जे जुंपलं ते माल खरोखरच आळेपर्यंत. त्यातून वाट निघाली ती भलतीकडूनच. हिनं पदर खोचला, घमेलं कमरेला लावलं आणि सडा घालतात त्या हिसक्यानं मूठभर खडे मारले. सगळे चिकटले. म्हातारे मिस्त्री खुर्चीतून उठले. “बाई, कामावर येता का?”

पाहुण्यांचा दिवस उजाडला तेव्हा भिंतीची वरची बाजू धुतलेली, मधली प्रायमरची, खालची म्हशीची, अशी अवस्था होती. परांची तशीच बांधलेली आणि दाजींचे गोल तसेच. रंगावर एकमत झालं नव्हतं. पोरगा पुण्याहून फोनवर करडा म्हणत होता, ही अबोली म्हणत होती, आणि पेंटरकडं बदामी आधीच येऊन पडला होता, नंबर 2402. मी पाहुण्यांना सांगायची वाक्यं पाठ करून ठेवली होती. ‘काम चालू आहे’ हे पहिलं.

पण आदल्या रात्री पाइप टाकण्यासाठी कुणीतरी आमच्या दारापुढचा रस्ता खोदला. जीप कोपऱ्यावरच थांबली. गल्लीतल्या पोरांनी पाहुण्यांना मागच्या बोळातून फिरवलं आणि थेट स्वयंपाकघराच्या दारातून आत आणलं. पोह्यांची फोडणी देताना हिच्यासमोर एकदम व्याही उभे.

बैठक बसली. मुलीच्या वडिलांनी पाण्याचा तांब्या घेतला, एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

“बोअरचं का नळाचं?”

“नळाचं.”

“कुठून येतं?”

“विष्णुपुरीतून. गोदावरीचं.”

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. मुलीचा चुलता सरसावून बसला. “नळ किती दिसाला येतो?” मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मुलीच्या आईनं पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, “पोरीनं पुण्य केलंय.”

मग घर बघणं झालं. म्हणजे गच्चीवरची टाकी बघितली, ती किती लिटरची, हे वाजवून बघितलं. दाजींनी ‘ठक’ ऐकून मान हलवली. हौदाचं झाकण उघडून आत काठी सोडली. बोअर किती फुटांवर लागला हे आप्पांनी दोनदा सांगितलं. मी त्यांना कसंबसं पुढच्या अंगणात आणलं. “ही जरा दर्शनी बाजू. काम चालू आहे.”

“हो हो, भिंत हाय की,” व्याही म्हणाले आणि अंगणातल्या नळाची तोटी फिरवून बघितली. पाणी आलं. ती त्यांनी घाईघाईनं बंद केली. चुलत्याला उन्हानं घामोळं आलं असावं. तो बोलता बोलता कोपऱ्याशी टेकला, आधी डावा खांदा घासला, मग उजवा, आणि डोळे मिटून म्हणाला, “हे लई झाक केलंय बघा तुम्ही.”

सुपारी फुटायची वेळ आली तेव्हा लग्न कुठं, हा प्रश्न निघाला. इथं खरी लढाई होणार होती. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले, पण 2009 सालापासून विभागीय आयुक्तालय कुणाचं यावर त्यांचं पटलेलं नाही, आणि अजून दोघंही कामाला संभाजीनगरलाच जातात. हा विषय दाजी बारशातसुद्धा काढतात. मुलीकडचं लग्न म्हणजे लातूरलाच, हे पाहुणे येताना जीपमधे ठरवून आले होते.

व्याही घसा खाकरून म्हणाले, “मी म्हणतो, लग्न नांदेडलाच करू. पाचशे-सातशे माणूस म्हणजे पाणी केवढं लागतंय. तुमच्याकडं सोय हाय.”

सगळे दाजींकडं बघायला लागले. दाजींनी तांब्यातलं उरलेलं पाणी संपवलं, तांब्या उपडा करून खात्री केली आणि म्हणाले, “करा लग्न नांदेडला. पण आयुक्तालय लातूरलाच.”